डावीकडून तिसरं शटर

परवडत नाही तर इथे राहतात कशाला? गावाकडे जावं. तिकडे सगळं स्वस्त असतं.

हा सल्ला देणारा माणूस साधारणपणे दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि सल्ला देताना त्याच्या हातात चहाचा कप असतो. त्यालाही गाव असतं. गावात वडिलोपार्जित घर असतं, परसात फणस असतो, हवा तर काय विचारूच नका. तो गणपतीला तिकडे जातो आणि गौरीविसर्जन झालं की परततो, कारण नोकरी इथे आहे. नोकरी जिथे, बिऱ्हाड तिथे, हे त्याला स्वतःपुरतं इतकं उघड वाटतं की ते बोलून दाखवायचीही गरज पडत नाही. खालच्या दुकानाच्या शटरसमोर रात्री अंग टाकणाऱ्याने मात्र राहायची जागा भाव बघून ठरवावी, असा त्याचा आग्रह असतो.

खरं तर या शहरात जागा निवडताना सर्वांत जास्त डोकं कोण लावत असेल तर तो शटरसमोरचा माणूस. फ्लॅट घेणारा दोन रविवार सॅम्पल फ्लॅट बघतो, बिल्डरच्या ऑफिसातली फुकटची कॉफी पितो, देवघर कुठल्या दिशेला येतं ते विचारतो आणि वीस वर्षांच्या कर्जावर सही ठोकून मोकळा होतो. चुकलंच तर वीस वर्षं कुरकुरायला सोसायटीची सभा आहे. रस्त्यावर झोपणाऱ्याला चुकण्याची सोय नाही. जागा चुकली की त्याच रात्री चपला जातात, पैसे जातात, कधी जीव जातो.

दादर-परळ पट्ट्यातल्या एका गवंड्याने मला त्याच्या जागेची निवड समजावून सांगितली. ओळीत सहा दुकानं. पहिलं औषधांचं, ते मध्यरात्रीपर्यंत उघडं, तिथे पाठ टेकायची सोय नाही. दुसरं वाइन शॉप. बंद झाल्यावरही गिऱ्हाईक पायरीवर बसून बाटली संपवतं, मग भांडण, मग पोलीस. आणि पोलीस आले की पिणाऱ्याच्या आधी झोपलेल्याला उठवतात. तिसरं वह्या-पुस्तकांचं. शटर साडेआठला पडतं, मालक सकाळी दहाच्या आत फिरकत नाही. पायरी वीतभर उंच, त्यामुळे पाऊस लागला तरी पाणी अंगाखाली यायला वेळ लागतो. वर दुकानाची पाटी हातभर पुढे आलेली. समोरच्या बँकेचा कॅमेरा नेमका इकडेच बघतो, म्हणजे खिसा चाचपणाऱ्याला जरा धाक. चौथ्या दुकानासमोर कुत्री, पण त्यांच्याशी त्याचं जमलंय, परका माणूस आला की तीच आधी ओरडतात. आणि मजूर नाका चालत सात मिनिटांवर. पावणेसातला नाक्यावर उभं नसलं की मुकादम दुसऱ्याला घेऊन निघून जातो.

म्हणून डावीकडून तिसरं शटर. एवढा काटेकोर मार्केट सर्व्हे कुठल्याही प्रॉपर्टी पुरवणीत वाचलेला नाही मी.

आणखी एक गोष्ट बघितली. झोपताना तो पिशवी उशाला घेतो, पण थापीची मूठ मुद्दाम बाहेर काढून ठेवतो, ओळंब्याचा दोरा लोंबता ठेवतो. चोराला आमंत्रण नव्हे का हे? नाही, ते ओळखपत्र आहे. आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या व्याख्येत भीक मागणारा तर येतोच, पण उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि सार्वजनिक जागी अशा रीतीने रेंगाळतोय की भिकेवर जगत असावा, असाही माणूस येतो. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. कायद्याच्या नावात ‘मुंबई’ होतं, मुंबईकरांना मात्र त्या निकालाचा उपयोग नाही. तेव्हा साधन नुसतं असून भागत नाही, ते दिसलंही पाहिजे. झोपेतसुद्धा.

बाईमाणसाचा हिशेब निराळा. पुरुष अंधार शोधतो, बाई उजेड शोधते. दिव्याखाली डास येतात, डोळ्यांवर प्रकाश येतो, झोप लागत नाही. पण उजेडात हात लावणारा दहादा विचार करतो. म्हणून इस्पितळाचं फाटक, पोलीस चौकीची भिंत, देवळाचा कोपरा, आणि शेजारी आणखी दोन बायका. लेकराच्या घोट्याला पदराचं टोक बांधलेलं असतं, म्हणजे कोणी उचलू लागलं तर आईला कळेल. सार्वजनिक शौचालयाला रात्री कुलूप पडतं म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायचं नाही. मुंबईतल्या महिला संघटनांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली, तेव्हा बऱ्याच सभ्य लोकांना नाव ऐकूनच कसंसं झालं होतं. त्या सभ्य लोकांच्या घरी संडास बेडरूमला जोडून असतो.

आता खर्चाकडे येऊ. फुटपाथ फुकट असतो हा दुसऱ्या मजल्यावरचा लाडका समज. संडासाचे पैसे, आंघोळीचे वेगळे, कपडे धुवायचे वेगळे, मोबाइल चार्ज करायचे वेगळे. स्वयंपाकाची सोय नाही म्हणजे प्रत्येक घास विकतचा, नाहीतर लंगरचा. सामान ठेवायला जागा नाही म्हणजे पावसाळ्यात घेतलेली ताडपत्री दिवाळीपर्यंत टिकत नाही, पुन्हा नवी घ्या. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये बोचकं ठेवावं म्हटलं तर प्रवासाचं तिकीट दाखवा. प्लॅटफॉर्मवर झोपावं म्हटलं तर प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपये आणि मुदत दोन तासांची. आठ तास झोपायचे चाळीस, महिन्याचे बाराशे. तेही कोणी झोपू दिलं तर. गरिबाला प्रत्येक गोष्ट सुट्टी घ्यावी लागते, आणि सुट्टी वस्तू नेहमीच महाग पडते. पुण्यात जरा बरी कमाई असली तर कॉट बेसिसवर जागा मिळते खरी, पण तिथेही डिपॉझिट लागतं, ओळखीचा माणूस लागतो, आणि जागेच्या मालकीणबाईंना आडनाव आधी कळावं लागतं.

जागेचेही पैसे पडतात, आणि हे माझं म्हणणं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात ते लिहिलेलं आहे. १३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या सगळ्या फुटपाथवासीयांना उचलून आपापल्या गावी पाठवायचं. ऐन पावसाळ्यात. यांचं जगणं अमानुष आहे, पावसात तर फारच हाल होतात, असं कारण दिलं होतं. हाल होतात म्हणून छप्पर काढून घ्यायचं, ही कल्पना सुचायला मंत्रालयातच बसावं लागतं. त्यावर पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले आणि १९८५ च्या जुलैमध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला.

त्या निकालाच्या सुरुवातीला दोन अर्जदारांची हकिगत आहे, ती प्रत्येक इस्टेट एजंटने वाचावी. एक जण १९६१ साली सेलमहून आला. भूमिहीन शेतमजूर, दुष्काळाने हातचं काम गेलं. इथे दहिसरच्या केमिकल कंपनीत रोज २३ रुपयांवर लागला. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लॅस्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी झोपडदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. भागाकार करा: सुमारे ११० दिवसांची मजुरी. दुसरा आपल्या संगमनेरचा. गावात चांभारकाम करून रोजचे सात-आठ रुपये मिळायचे, गावातलं घर पडलं, १९६९ साली मुंबईला आला, महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० लागले. हजार रुपये म्हणजे जवळजवळ तीन पगार. आज आपण भाड्याच्या जागेला डिपॉझिट देतो ते यापेक्षा निराळं काय असतं? फरक इतकाच की आपल्याला जाताना ते परत मिळतं, म्हणजे रंगकामाचे कापून.

सेलमच्या त्या माणसाचं घर २३ जुलै १९८१ ला तोडलं आणि त्याला बायकामुलांसकट सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामासाठी परत मुंबईला आला आणि पुन्हा फुटपाथच्या घरात शिरला. सरकारचा बसखर्च वाया गेला. सेलममध्ये काम असतं तर तो वीस वर्षांपूर्वी निघालाच नसता, हे समजायला सरकारला बस सोडून बघावी लागली.

न्यायालयाला मात्र मुद्दा समजला होता. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड पुण्याचे. त्यांनी स्पष्ट नोंदवलं की ही माणसं कामाजवळचा फुटपाथ किंवा झोपडपट्टी निवडतात, कारण लांबून यायचा वेळ आणि भाडं त्यांच्या तुटपुंज्या कमाईत बसत नाही. फुटपाथ गेला की कामही जातं. आणि उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. देशभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल पाठ असतो. पुढचा भाग फारसा कोणी पाठ करत नाही. तो असा की महापालिकेचं फुटपाथ मोकळे करण्याचं कलमही वैध ठरलं, आणि हटवायचं ते ३१ ऑक्टोबरनंतर, म्हणजे पावसाळा उलटल्यावर एक महिन्याने. ज्यांची १९७६ च्या गणतीत नोंद झाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायचं आश्वासन होतं, तेही हटवण्याआधीची अट म्हणून नव्हे. आणि पर्यायी जागांच्या संदर्भात नाव आलं ते मालाडच्या मालवणीचं. अंतर परवडत नाही हे मान्य करून शेवटी दाखवलं काय, तर अंतरच.

तेव्हापासून धोरण तेच आहे. माणूस जिथे आहे तिथे जागा नाही, आणि जागा जिथे आहे तिथे माणसाचं काही काम नाही.

माहुलचं उदाहरण घ्या. तानसा जलवाहिनीलगतची घरं तोडून लोकांना माहुलच्या इमारतींत पाठवलं. रीतसर फ्लॅट, नळ, संडास, लिफ्ट. शेजार कुणाचा, तर तेलशुद्धीकरण कारखान्यांचा. लोक आजारी पडू लागले. २०१८ साली त्यातली कुटुंबं विद्याविहारला येऊन फुटपाथवर बसली. पुन्हा सांगतो, डोक्यावर स्लॅब असलेली माणसं तो स्लॅब सोडून फुटपाथवर आली, आणि बरेच महिने राहिली. दुसऱ्या मजल्यावरून बघणाऱ्याला वाटलं असेल की यांना सवयच आहे. मुंबई उच्च न्यायालयाला तसं वाटलं नाही. २०१९ च्या सप्टेंबरात न्यायालयाने सांगितलं की यापुढे तिथे कोणाला पाठवू नका, आणि दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं द्या.

आता निवारे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, बारमाही आणि चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या भरली १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशे निवारे. पालिकेचा आकडा या सव्वाशेच्या आसपासही कधी फिरकला नाही. केंद्राच्या योजनेत निवाऱ्यात माणशी ५० चौरस फूट जागेचा दंडक आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात पाच माणसं धरली तर माणशी ३२. सरकारी निवारा चाळीपेक्षा ऐसपैस आहे. म्हणूनच तो बहुतेक कागदावर राहत असावा, तिथे जागेची टंचाई नसते.

जे निवारे आहेत त्यांच्याबद्दल ठरलेलं वाक्य ऐकू येतं: अहो, सोय केलीय, पण ही माणसं येतच नाहीत. येतील कशी? निवारा निघतो तो पालिकेची इमारत रिकामी पडली असेल तिथे. नाका असतो मुकादमाची गाडी थांबते तिथे. दोन्हींची गाठ पडली तर निव्वळ योगायोग. शिवाय बहुतेक ठिकाणी पुरुषांचा निवारा वेगळा आणि बायकांचा वेगळा, म्हणजे लग्न करून संसार थाटलेल्यांनी रात्रीपुरतं विभक्त व्हायचं. हातगाडीवाल्याने गाडी बाहेर ठेवायची. सकाळी ती असेलच याची हमी कोणाची? भंगार वेचणारीचं पोतं आत चालत नाही, वास येतो. त्या वासावरच तिचं जेवण चालतं, पण ते नियमात बसत नाही. एवढं सगळं मोजून माणूस पुन्हा शटरसमोर आला की त्याला म्हणायचं, सुधारायचंच नाही यांना.

पुनर्वसनाची मोठी योजना आहे, ती झोपडीवाल्यासाठी. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असल्याचा पुरावा दाखवा आणि ३०० चौरस फुटांचं घर फुकट घ्या. २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून घ्या. माझा योजनेला विरोध नाही. पण यातला न्याय तपासून बघा. ज्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी चार पत्रे ठोकले तो पात्र. ज्याने तेवढीच वर्षं रोज पहाटे झाडूवाला यायच्या आत वळकटी गुंडाळली, दुकानदाराची पायरी पुसून ठेवली, कोणाची इंचभर जागा अडवली नाही, तो अपात्र, कारण वळकटीबरोबर तो पुरावाही गुंडाळत होता. अतिक्रमण केलं नाही ही त्याची चूक. म्हाडाची सोडत सगळ्यांना खुली आहे, आणि २०२३ साली मुंबईच्या सोडतीत ताडदेवला साडेसात कोटींच्या आसपासचेही फ्लॅट होते. तेव्हा कोणी उमेद सोडू नये.

या शहराला कमी पैशात माणूस ठेवता येत नव्हता असं नाही. गिरणगावात कोकणातल्या गावांच्या खोल्या होत्या, गावकीच्या. गावच्या मंडळाने खोली घ्यायची, चाकरमान्याने महिन्याला थोडे पैसे द्यायचे, फळीवर ट्रंक, खुंटीवर सदरा, पाळीप्रमाणे झोप. रात्रपाळीचा उठला की त्याच चटईवर दिवसपाळीचा आडवा. जेवण खानावळीतल्या बाईकडे. धोबीतलावला गोंयकारांचे कूड होते. प्रत्येक गावाचा आपला, एका खोलीत पेट्यांची रांग, कोपऱ्यात आल्तार, संध्याकाळी रोझरीला हजेरी. जहाजावर नोकरी मिळेपर्यंत खलाशी तिथे पडून राहायचा. त्यातले काही अजून आहेत. ही व्यवस्था सरकारने उभी केली नव्हती. गिरणी किंवा गोदी चालत गाठता येईल एवढ्या अंतरावर, एकट्या माणसाला पेलेल एवढ्या पैशात जागा, ही तेव्हाच्या लोकांनी आपल्या अकलेने काढलेली तोड होती. तिला भोकही होतं, आणि मोठं. त्या खोलीत शिरायला आधी त्या गावचं असावं लागे, आणि गावात ज्याला पाणवठा नव्हता त्याला मुंबईतही चटई नव्हती. पारध्यांची गावकी कुठली? ते तेव्हाही फुटपाथवर होते, आजही आहेत.

परळला टाटा इस्पितळाबाहेर, जेरबाई वाडिया रस्त्याच्या फुटपाथवर, जी माणसं झोपतात त्यांच्यापैकी बहुतेकांना घर आहे. बंगालात आहे, बिहारात आहे, नांदेडला आहे. घर असून बेघर, कारण सकाळी तपासणीला नंबर लावायचा आहे आणि केमो दर तीन आठवड्यांनी. विरारला स्वस्त खोली मिळेल हो, पण केमो घेऊन उलट्या करणाऱ्या माणसाला विरार लोकलमध्ये चढवून दाखवा एकदा. गाडगेबाबांना हे व्यवस्थित कळलं होतं. त्यांच्या धर्मशाळा पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला, म्हणजे माणूस जिथे मुळात येतोच तिथे. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा अजूनही टाटाच्या पेशंटना आसरा देते. शाळेत न गेलेल्या माणसाला जे नगररचनेतलं सूत्र उमगलं ते आपल्या विकास आराखड्यांना अजून दाखवावं लागतं.

उलट हल्ली कोरडी जागा दिसली की आपण ती शोभिवंत करतो. माटुंग्याच्या तुळपुळे पुलाखाली २०१६ साली उद्यान झालं. छान आहे, रहिवाशांनी त्यासाठी बरीच खटपट केली, आणि पुलाखाली कचरा साठण्यापेक्षा ते नक्कीच बरं. रात्री फाटक बंद असतं, एवढंच. फोर्टमध्ये एका बँकेने २०१८ साली आपल्या दाराबाहेर चक्क लोखंडी खिळे बसवले होते, कोणी बसू नये, झोपू नये म्हणून. बोंबाबोंब झाली तेव्हा काढले. आता असे खिळे कोणी लावत नाही. मोठाल्या कुंड्या ठेवतात. कुंडीविरुद्ध बोंब मारता येत नाही, त्यात तुळस असते.

आणि चाकं. २००२ च्या सप्टेंबरात वांद्र्याला बेकरीबाहेर झोपलेल्यांवर गाडी चढली. एक गेला, चार जखमी झाले. तेरा वर्षांनी आरोपी उच्च न्यायालयातून निर्दोष सुटला आणि गाडी कोण चालवत होतं हे आजवर ठरलं नाही. खटला चालू असताना रस्ता काय झोपायची जागा आहे का, असं विचारणारे मात्र पुष्कळ निघाले. २०२४ च्या डिसेंबरात पुण्याजवळ वाघोलीत, केसनंद फाट्याला, अमरावतीहून कामाला आलेल्या मजुरांवर डंपर गेला. तीन जीव गेले, त्यातली दोन लहान मुलं. त्या मजुरांनी रस्ता निवडला नव्हता. ज्या उपनगरात ते टॉवर बांधायला आले होते तिथे त्यांच्यासाठी फुटपाथ सोडून काही ठेवलेलं नव्हतं. वाघोलीच्या टॉवरांत पार्किंग मात्र दोन-दोन मजले असतं.

सरकारचं एकच खातं या माणसाच्या जागेची मनापासून दखल घेतं, आणि ते म्हणजे निवडणूक आयोग. बेघर माणसाने मतदारयादीत नाव घालायला सहा नंबरचा फॉर्म भरला तर पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. त्याने सांगितलेल्या जागी तो खरोखर झोपतो का हे बघायला बूथ अधिकाऱ्याने रात्री स्वतः जायचं असतं, तेही एकापेक्षा जास्त रात्री. तो तिथे झोपतो असं दिसलं की तो त्या जागेचा रहिवासी. तोच रहिवासी त्याच जागी झोपल्याबद्दल दुसऱ्या सकाळी दुसऱ्या खात्याच्या गाडीत चढवला जाऊ शकतो. एका सरकारचा पत्ता तो दुसऱ्या सरकारचं अतिक्रमण.

जनगणनेचंही तसंच. २०११ साली २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली. फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, ह्यूम पाइपात. सतरा लाख सत्तर हजारांच्या वर भरले, त्यातले दोन लाखांवर महाराष्ट्रात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मोजणीवाले पुन्हा येतील, पुन्हा आकडा येईल, आणि पुन्हा कोणी तरी विचारेल की एवढी माणसं राहतात कुठे.

तोपर्यंत वाचकांना एक काम. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला फोन लावा आणि विचारा की आपल्या वॉर्डातला बेघर निवारा कुठे आहे आणि तिथून मजूर नाका किती मिनिटांवर. दुसऱ्या प्रश्नाची वेळ येईल असं नाही. पहिल्याचं उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो तेवढं घड्याळात बघा, आणि पुढच्या वेळी मत मागायला आले की त्यांना ते सांगा.